ग्रंथकाराचा मुखत्यार

छापील पुस्तकाच्या पहिल्या पानावर ग्रंथकर्त्याचें नांव असतें, खालीं प्रकाशकाचें असतें, पाठीमागच्या बाजूस मुद्रकाचें व त्याच्या छापखान्याचेंही असतें. परंतु इंग्लंड-अमेरिकेंत ज्या एका माणसाच्या खटपटीवांचून तें पुस्तक बहुधा छापखान्यापर्यंत पोंचलेंच नसतें, त्याचें नांव तेथें सहसा आढळत नाहीं. तिकडे त्याला 'लिटररी एजंट' म्हणतात. लेखकाची वही तो प्रथम वाचतो. ती कोणत्या प्रकाशकाला रुचेल याचा अदमास घेतो. मोबदल्याची घासाघीस करतो. करारनाम्यांतील कलमें लेखकाच्या वतीनें डोळ्यांत तेल घालून तपासतो. मासिकांत क्रमशः छापण्याचे, भाषांतराचे, नाटकाचे आणि चित्रपटाचे हक्क निरनिराळे विकतो. आणि आलेल्या पैशांतून आपला हिस्सा कापून बाकीचे लेखकाकडे पाठवितो. पूर्वीं हा हिस्सा शेंकडा दहा असे. गेल्या शतकाच्या अखेरीपासून तो बहुतेक ठिकाणीं शेंकडा पंधरा झाला आहे.

या माणसाला मराठींत काय म्हणावें हा प्रश्न दिसतो तेवढा क्षुल्लक नाहीं. दलाल म्हणावें, तर दलाल दोन्ही बाजूंचा असतो. सौदा जुळला कीं त्याचें काम संपलें, पुढें त्यांत कोण बुडाला याच्याशीं त्याला कर्तव्य नाहीं. अडत्या म्हणावें, तर शेतकऱ्याचा कांदा लिलावांत काढणाऱ्या माणसाला कांदा कसा पिकवावा हें सांगण्याचें कारण पडत नाहीं. येथें मात्र तेंही सांगावें लागतें. वकील म्हणावें, तर दावा हरला तरी वकिलाची फी बुडत नाहीं. मुखत्यार हा शब्द आम्हांस त्यांतल्या त्यांत बरा वाटतो. मुखत्याराच्या हातीं धनी आपली सही सोपवितो, आणि सही सोपविली म्हणजे हिशेबाच्या पलीकडचा विश्वासाचा प्रश्न उभा राहतो. त्याच प्रश्नाचा येथें थोडा विचार करावयाचा आहे. ज्याचें पोट दुसऱ्याच्या विक्रीच्या दशांशावर चालतें, तो त्या दुसऱ्याला निःस्वार्थी सल्ला देऊं शकेल काय?

कोणी म्हणेल, वैद्य रोग्याच्या आजारावर जगतो आणि उपाध्याय यजमानाच्या दक्षिणेवर. म्हणून त्यांचा सल्ला खोटा ठरतो काय? ही उपमा पुरती लागू पडत नाहीं. वैद्याचा स्वार्थ रोग्याच्या हिताच्या उलट बाजूस असूं शकतो. रोगी लवकर उठला तर वैद्याच्या चार भेटी कमी झाल्या. हा विरोध उघड आहे, आणि उघड असल्यामुळेंच वैद्याच्या धर्माविषयीं लोक पहिल्यापासून सावध राहिले आहेत. मुखत्याराचा स्वार्थ लेखकाच्याच बाजूचा असतो. लेखकाला शंभर मिळाले तर याला दहा, हजार मिळाले तर शंभर. दोघेही एकाच नावेंत बसलेले. आमच्या मतें धोका आहे तो नेमका याच ठिकाणीं. कारण विरुद्ध स्वार्थ डोळ्यांत भरतो, सारखा स्वार्थ भरत नाहीं. लेखक म्हणून ज्याला आपण म्हणतों तो एक माणूस नसून दोन असतात. एक घरभाडें आणि मुलांची फी देणारा, दुसरा लिहावयास बसणारा. पुष्कळदां त्या दोघांचें आपसांत पटत नाहीं. पहिल्याला मागच्यासारखें खपाऊ पुस्तक लवकर हवें असतें. दुसऱ्याला तें फाडून टाकून पुन्हां आरंभ करावयाचा असतो. मुखत्याराचा दशांश पहिल्याच्या मिळकतीवर लागतो. दुसऱ्याच्या मिळकतीचा दशांश कोणाला काढतां येत नाहीं.

हा धंदा फार जुना नाहीं. ग्लासगोंत जन्मलेले अलेक्झांडर पोलॉक वॉट हे १८७५ च्या सुमारास लंडनमध्यें हें काम करूं लागले. जॉर्ज मॅकडोनल्ड या आपल्या मित्राच्या कथा विकून देण्यापासून त्यांनीं आरंभ केला असें सांगतात. पुढें विल्की कॉलिन्स, राइडर हॅगार्ड, कॉनन डॉइल, किप्लिंग असे मोठमोठे लेखक त्यांचे अशील झाले. आरंभींच्या काळांत वॉट प्रकाशकांचेंही काम करीत, आणि दोन्ही दगडांवर पाय ठेवल्याचा दोष त्यांच्यावर येतो. पण त्यांच्याच चरित्रांत दुसरीही एक गोष्ट आहे. १८८९ मध्यें कॉलिन्स मरणाच्या दारीं होते आणि त्यांची 'ब्लाइंड लव्ह' ही कादंबरी क्रमशः छापली जात असतां अर्धवट राहिली होती. तेव्हां कॉलिन्सच्या इच्छेनुसार वॉल्टर बेझंट यांच्याकडे वॉट यांच्यामार्फतच निरोप गेला, आणि बेझंट यांनीं ती पुरी करून दिली. येथें दलाली होती, नाहीं असें नाहीं. परंतु केवळ दलालीनें तें काम झालें नसतें.

हेच बेझंट १८८४ मध्यें लंडनला लेखकांची संस्था काढण्यांत पुढें होते. (पुण्यास न्यायमूर्ति रानडे यांच्या पुढाकारानें मराठी ग्रंथकारांची पहिली सभा १८७८ च्या मे महिन्यांत भरली, म्हणजे आमचे ग्रंथकार सहा वर्षें आधीं एकत्र बसले; पुढें त्यांतून संमेलनें निघालीं, हिशेब तपासणारें कोणी निघालें नाहीं.) बेझंट यांचें म्हणणें सरळ होतें. किती प्रती छापल्या, खर्च किती आला, नफा किती उरला, हें सर्व प्रकाशकाला ठाऊक. लेखकाला यांतलें कांहींच ठाऊक नसतें. अशा दोघांमध्यें होणारा करार हा करारच नव्हे. उलटपक्षीं विल्यम हाइनमन या प्रसिद्ध प्रकाशकांनीं १८९३ मध्यें 'अथीनियम' पत्रांत मुखत्यारावर कडक टीका केली. तिचा आशय असा कीं, हा मधला माणूस म्हणजे दुसऱ्याच्या रसावर पोसलेलें बांडगूळ असून, लेखक व प्रकाशक यांच्यांत जो स्नेह असावयाचा तो त्याच्यामुळें नासतो. हाइनमन यांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हतें. लेखकाचा व प्रकाशकाचा जन्मभराचा स्नेह ही वाङ्मयाच्या इतिहासांतली मोठी गोष्ट आहे. पण ज्या स्नेहांत एकाला मालाची किंमत ठाऊक आहे आणि दुसऱ्याला नाहीं, तो स्नेह किंमत कळल्यावर टिकतो कीं नाहीं हें पाहिल्याखेरीज त्याची थोरवी गाऊं नये.

मुखत्याराच्या स्वार्थाची खरी कसोटी लागते ती लेखक खपत नाहीं तेव्हां. जेम्स पिंकर यांनीं १८९६ मध्यें लंडनला कचेरी थाटली, आणि १९०० पासून जोसेफ कॉनरॅड त्यांचे अशील झाले. कॉनरॅड जन्मानें पोलिश. इंग्रजी ही त्यांची तिसरी भाषा. त्यांचीं पुस्तकें जाणत्यांना आवडत, पण खपत नसत. लिहिणें सावकाश, प्रकृति दुबळी, आणि हात सढळ. पिंकर त्यांना लिहिलेल्या व पुढें लिहावयाच्या पानांवरही आगाऊ रकमा देत गेले, आणि आठ-नऊ वर्षांत हें कर्ज दीड हजार पौंडांच्या वर गेलें. १९०९ च्या अखेरीस पिंकर यांचा धीर सुटला. ठराविक मुदतींत कादंबरी हातीं न आली तर पैसे बंद, असें त्यांनीं बजाविलें. १९१० च्या जानेवारींत 'अंडर वेस्टर्न आइज'चें हस्तलिखित पुरें करून कॉनरॅड लंडनला गेले. तेथें दोघांची जोराची खडाजंगी झाली, आणि तींत पिंकर यांनीं त्यांना इंग्रजींत बोलावयास सुनावलें असें सांगतात. सारें आयुष्य परक्या भाषेची उपासना करण्यांत घालविलेल्या माणसाला याहून खोल जाणारा घाव दुसरा कोणता असेल? घरीं परततांच कॉनरॅड अंथरुणास खिळले. तापाच्या भरांत ते कादंबरींतल्या पात्रांशीं बोलत. पुढें बराच काळ दोघांचें बोलणें बंद होतें, आणि पत्रांवरचा मायना कोरड्या 'प्रिय महाशय' वर आला. मग १९१४ मध्यें 'चान्स' ही कादंबरी एकाएकीं खपली, कर्ज फिटूं लागलें, आणि जुना स्नेह पुन्हां जुळला. १९२२ मध्यें पिंकर न्यूयॉर्क येथें वारले तेव्हां कॉनरॅडना तें दुःख घरच्या माणसाचें व्हावें तसें झालें.

पिंकर यांना सावकार म्हणावें कीं आश्रयदाता? आम्हांस वाटतें, दोन्ही. आणि त्यांतलें एक खरें म्हणून दुसरें खोटें ठरत नाहीं. न खपणाऱ्या लेखकाच्या मिळकतीचा दशांश तो केवढा! त्याच्या आशेनें कोणी शहाणा माणूस दीड हजार पौंड अडकवून बसत नाहीं. म्हणजे पिंकर यांच्या वागण्याचा उलगडा शेंकडा दहांनीं होत नाहीं. त्यांना त्या लिखाणाची पारख होती आणि तिच्यावर श्रद्धा होती असेंच म्हणावें लागतें. परंतु पैसे देणाऱ्याच्या हातीं जी सुरी येते ती त्यांच्या हातीं आली होती आणि एके दिवशीं त्यांनीं ती चालविली, हेंही तितकेंच खरें. पिंकर यांच्या मागें धंदा त्यांच्या मुलांकडे गेला. त्यांतील एकानें अशिलाचे पैसे गिळंकृत केले आणि १९३९ मध्यें न्यूयॉर्कला त्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली. बापानें अशिलाचें कर्ज वाहिलें. मुलानें अशिलाचीच ठेव खाल्ली. पाटी तीच होती, हिस्साही बहुधा तोच होता. यावरून दराच्या आंकड्यांत नीति शोधण्यांत फारसा अर्थ नाहीं.

आतां ज्या लहानशा कचेरीसाठीं हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे वळूं. मेव्हिस मॅकिंटॉश आणि एलिझाबेथ ओटिस या दोघी स्त्रियांनीं १९२८ मध्यें न्यूयॉर्कला आपल्या नांवानें ही कचेरी काढली. पुढच्याच वर्षीं अमेरिकेंत आर्थिक अरिष्ट कोसळलें. नवा धंदा मांडण्याला याहून वाईट मुहूर्त मिळाला नसता. १९३१ मध्यें जॉन स्टाइनबेक नांवाचा एकोणतीस वर्षांचा तरुण त्यांच्याकडे आला. त्याची एकच कादंबरी प्रसिद्ध झाली होती आणि तिची कोणीं फारशी वास्तपुस्त केली नव्हती. तो राहणारा कॅलिफोर्नियाचा. तोंपर्यंत न्यूयॉर्कमधील त्याचा एक मित्र त्याचीं हस्तलिखितें कांहीं न घेतां प्रकाशकांच्या दारोदार घेऊन हिंडत असे. पुढील चार वर्षांत या दोघींनीं त्याचीं पुस्तकें प्रकाशकांच्या गळीं उतरविलीं खरीं, पण तीं खपलीं नाहींत, आणि प्रकाशकांचींच दिवाळीं एकामागून एक निघत गेलीं. 'टॉर्टिया फ्लॅट' अनेक प्रकाशकांनीं परत केली. ती अखेर पास्कल कोव्हिसी यांनीं १९३५ मध्यें छापली आणि तेव्हां स्टाइनबेकला पहिल्यानें यश आलें. चार वर्षें ज्या अशिलाच्या दशांशांत टपालखर्च तरी निघत असेल कीं नाहीं याची शंका, त्याला दोघींनीं सोडलें नाहीं. चौथ्या वर्षीं जो भरवसा ठेवावा लागतो तो पहिल्या वर्षाच्या भरवशाहून निराळा असतो. पहिल्या वर्षीं आशा असते, चौथ्या वर्षीं केवळ मत असतें.

१९३७ मध्यें 'ऑफ माइस अँड मेन' निघाली आणि स्टाइनबेक हा नांवाजलेला लेखक झाला. यानंतर जें घडलें तें आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें फार महत्त्वाचें आहे. सलिनास येथें १९३६ मध्यें लेटसच्या मळ्यांतील मजुरांचा संप झाला होता आणि तो मोडण्यासाठीं गांवची प्रतिष्ठित मंडळी रस्त्यावर उतरली होती. सलिनास हें स्टाइनबेकचें जन्मगांव. संतापाच्या भरांत त्यानें या प्रकरणावर एक उपहासात्मक कादंबरी लिहिली. ती पुरी झाली, प्रकाशकानें तिची जाहिरातही केली. आणि १९३८ च्या मे महिन्यांत त्यानें ओटिसबाईंना व कोव्हिसी यांना पत्र धाडिलें कीं हें पुस्तक वाईट उतरलें आहे, तें छापावयाचें नाहीं. माणसांनीं एकमेकांना समजून घ्यावें यासाठीं आपण लिहितों. हें पुस्तक मात्र अर्धवट समजुतीवर द्वेष पेटवील, असें त्याचें स्वतःचेंच मत झालें होतें. हस्तलिखित नष्ट करण्यांत आलें. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीनें परत दिल्या असें आपण भाविकपणें सांगतों. या वहीला कोणत्याही नदीनें तारलें नाहीं, आणि लेखकालाही तें नको होतें. त्याच महिन्याच्या अखेरीस त्यानें नवी कादंबरी हातीं घेतली व ऑक्टोबरांत ती संपविली. तीच 'द ग्रेप्स ऑफ रॅथ'.

व्यवहाराच्या दृष्टीनें पाहिलें तर मे महिन्यांत त्या कचेरीच्या हातीं तयार माल होता. लेखक नांवाजलेला, जाहिरात झालेली, गिऱ्हाईक वाट पाहणारें. पुस्तक कसेंही असतें तरी खपलें असतें. नष्ट झालेल्या पानांबरोबर कचेरीचा दशांशही गेला. पुस्तक फाडण्याचा निश्चय लेखकाचा होता, मुखत्याराचा नव्हे, हें मान्य. परंतु असलें पत्र आपल्या मुखत्याराला लिहितांना लेखकाच्या हाताला कांप सुटूं नये, एवढी जागा त्या दोघांमध्यें असणें ही गोष्ट लहान नाहीं. पुष्कळ लेखक तसें पत्र मनांत लिहितात आणि पुस्तक मात्र छापखान्याकडे पाठवितात.

पुढें नव्या कादंबरीच्या वेळीं प्रसंग उलटा आला. तींतील शेतकरी जसे बोलत तसे लेखकानें बोलविले होते, आणि त्यांतले कांहीं शब्द त्या काळच्या प्रकाशकाला झेंपणारे नव्हते. पुस्तक छापावयास जाण्यापूर्वीं ओटिसबाई स्वतः कॅलिफोर्नियांत लॉस गॅटोस येथें त्याच्या घरीं गेल्या, आणि त्याच्यासमवेत बसून त्यांनीं कांहीं शब्द बदलविले. कादंबरीचा शेवट बदलावा असा प्रकाशकांचा आग्रह होता. तो मात्र स्टाइनबेकनें साफ फेटाळला, आणि शेवट जसाच्या तसा राहिला. आतां शब्द बदलविणें हा लेखकाचा विश्वासघात झाला कीं त्याची सेवा झाली? कडवा कलावादी म्हणेल, विश्वासघात. आम्हांस तसें वाटत नाहीं. कांहीं शब्द गेल्यानें तें पुस्तक लाखो घरांत शिरलें आणि तरी त्याचा दंश कमी झाला नाहीं. कॅलिफोर्नियाच्या कर्न परगण्यांत १९३९ मध्येंच त्याच्यावर बंदी आली, हा त्याचा पुरावा. शब्द सोडावे आणि शेवट सोडूं नये, ही सीमा त्या घरांत ज्या रीतीनें आंखली गेली तींत व्यवहार होता आणि विवेकही होता. मात्र हेंही सांगितलें पाहिजे कीं त्याच सल्ल्यानें कचेरीचा दशांशही वाढला. आणि सल्ला देणाऱ्याच्या मनांत यांतलें काय किती होतें हें तराजूनें तोलतां येणार नाहीं, बहुधा त्या बाईंनाही आलें नसतें.

आमच्याकडे हा प्रश्न उद्भवत नाहीं, कारण मुखत्यारच नाहीं. त्याचें कारण अंकगणितांत आहे. दोनशें रुपये किंमतीच्या पुस्तकाच्या हजार प्रती निघाल्या, त्या सर्व खपल्या आणि लेखकाला शेंकडा दहा मिळाले असें धरलें, तर त्याच्या हातीं वीस हजार रुपये येतात. त्याचा दशांश दोन हजार. यावर कचेरीचें वीजबिलही भागावयाचें नाहीं. म्हणून मराठी लेखक आपली वही स्वतःच प्रकाशकाकडे नेतो, त्यापूर्वीं ती एखाद्या मित्राला वाचून दाखवितो, आणि मित्र ती छान असल्याचें सांगतो. मित्राला त्यांत कांहीं मिळवावयाचें नसतें, तसें गमवावयाचेंही नसतें. निःस्वार्थी सल्ल्याची आपण फार महती गातों. पण ज्या सल्लागाराचें पुस्तकाच्या बऱ्यावाइटाशीं कांहींच गुंतलेलें नाहीं तो खरें बोलण्याची तसदी घेतोच असें नाहीं. 'हें चालणार नाहीं' हें वाक्य उच्चारावयाला थोडासा स्वार्थ लागतो, असें म्हटलें तर तें विचित्र वाटेल; पण आमच्या वाङ्मयांतील कित्येक जाडजूड पुस्तकें पाहून तसें म्हणावेसें वाटतें खरें.

आणि खरें बोलण्याची किंमतही द्यावी लागते. स्टाइनबेकला लहानपणापासून मॅलरीच्या आर्थर राजाच्या कथांचें वेड होतें. त्या आजच्या इंग्रजींत नव्यानें सांगाव्या म्हणून १९५९ मध्यें तो इंग्लंडांत सॉमरसेट परगण्यांतील एका जुन्या झोंपडींत जाऊन राहिला, आणि लिहून झालेला भाग त्यानें ओटिसबाईंना व त्यांचे मित्र चेस हॉर्टन यांना पाठविला. दोघांनाही तो पसंत पडला नाहीं, आणि तसें त्यांनीं कळविलें. त्या वेळच्या त्याच्या उत्तरावरून तो किती हादरला होता हें दिसतें. रागावला नाहीं, पण तें काम पुढें कधीं पुरें झालें नाहीं. ओटिसबाईंची नापसंती हेंच त्याचें कारण, असें कोणी म्हणूं नये. अशीं कामें अनेक कारणांनीं अडतात. तरीही तीस वर्षांच्या जवळ आलेला स्नेह, समोर मायदेश सोडून काळजाचें काम करीत बसलेला माणूस, आणि हातांत निराशा करणारीं पानें, अशा वेळीं गोड बोलणें किती सोपें होतें! गोड बोलल्या असत्या तर एक पुस्तक पुरें झालें असतें. तें चांगलें झालें असतें कीं नाहीं हें कोणालाच सांगतां येणार नाहीं. सत्य सांगणाऱ्याला आपल्या सत्याचा निकाल पाहावयास मिळतोच असें नसतें. पुष्कळदां त्याच्या वांट्याला नुसती रिकामी जागा येते.

१९६२ मध्यें स्टाइनबेकला नोबेल पारितोषिक मिळालें. १९६८ मध्यें तो वारला. मुखत्यारकी मात्र संपली नाहीं. आतां धनी बोलत नाहीं, रागावत नाहीं, नवीन पत्र पाठवीत नाहीं. त्याच्या सहीचा अर्थ मात्र मागें राहिलेल्यांनीं लावावयाचा. १९७६ मध्यें आर्थर राजाच्या त्या अपुऱ्या कथा हॉर्टन यांनीं संपादून प्रसिद्ध केल्या. नंतर २०२१ मध्यें निराळा प्रसंग आला. १९३० मध्यें पैशांची निकड असतां स्टाइनबेकनें पीटर पिम या टोपणनांवानें 'मर्डर ॲट फुल मून' नांवाची एक रहस्यकथा लिहिली होती. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील एका कल्पित गांवांत पौर्णिमेच्या रात्रीं खून पडतात, अशा धर्तीची ती आहे. प्रकाशकांनीं ती तेव्हां नाकारली. तिचें हस्तलिखित मात्र टिकलें. तें टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील संग्रहांत आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठांतील एका प्राध्यापकांनीं २०२१ मध्यें ती प्रसिद्ध करावी अशी जाहीर मागणी केली. नोबेल मिळविलेल्या लेखकाची अप्रकाशित कादंबरी, आणि तीही रहस्यकथा. कोणत्याही प्रकाशकाच्या तोंडाला पाणी सुटावें असा माल. मॅकिंटॉश-ओटिस कचेरी आजही स्टाइनबेकच्या वारसांचें काम पाहते. तिनें नकार दिला. लेखकानें ती टोपणनांवानें लिहिली आणि हयातींत प्रसिद्ध केली नाहीं, तेव्हां आम्ही ती छापणार नाहीं, असा त्याचा आशय होता.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा कीं, मग १९७६ चें काय? आर्थरच्या कथाही हयातींत प्रसिद्ध झाल्या नव्हत्या. याचें उत्तर देतां येतें. त्या कथांवर त्याचें स्वतःचें नांव होतें आणि त्या पुऱ्या करून छापाव्या हीच त्याची इच्छा होती. इच्छा होती, आयुष्य व उमेद पुरली नाहीं. रहस्यकथेपासून त्यानें आपलें नांवच दूर ठेविलें होतें. अपुरें राहिलेलें आणि नाकारलेलें यांत भेद आहे. तो भेद नेहमीं स्वच्छ असतो असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. तो १९३८ ची कादंबरी नष्ट करण्यास धजावला, मग ही कां राहूं दिली, असें प्रतिपक्षानें विचारलें तर त्याला निरुत्तर करणें कठीण आहे.

दुसरा आक्षेप याहून भारी. फ्रान्झ काफ्का १९२४ मध्यें वारले. आपलीं हस्तलिखितें जाळून टाकावीं असें त्यांनीं आपले मित्र माक्स ब्रोड यांना सांगून ठेविलें होतें. ब्रोड यांनीं तें मानलें नाहीं आणि १९२५ मध्यें 'द ट्रायल' प्रसिद्ध झाली. ब्रोड यांनीं आज्ञा पाळली असती तर गेल्या शतकाचें वाङ्मय दरिद्री राहिलें असतें, आणि आज त्यांना दोष देणारा वाचक शोधूनही सांपडावयाचा नाहीं. मग मृताच्या इच्छेचा मान राखणारी न्यूयॉर्कची कचेरी अधिक नीतिमान, कीं ती मोडणारा प्रागचा मित्र?

आमच्या मतें दोघांना एकाच मापानें मोजणें हीच चूक आहे. ब्रोड यांनीं आज्ञा मोडली ती मित्र या नात्यानें. मैत्रीला आज्ञाभंगाचा एक चमत्कारिक अधिकार असतो. मित्राच्या निराशेच्या घटकेंतील शब्द त्याचा अखेरचा शब्द न मानतां त्याच्या बऱ्या दिवसांतील शब्दाला धरून चालणें, हें मैत्रींत बसतें. आज्ञा मोडून चूक झाली तर ती प्रेमाची चूक म्हणून ओळखूं येते. मुखत्याराला हा अधिकार नाहीं, आणि तो नाहीं याचें कारण तो नीच आहे हें नव्हे. ओटिसबाईंची मैत्री ब्रोड यांच्या मैत्रीहून उणी होती असें कोण म्हणेल? कारण एवढेंच कीं, त्यानें मृताची आज्ञा मोडली तर ती वाङ्मयप्रेमानें मोडली कीं हिश्शासाठीं मोडली, हें जगाला कळावयाला मार्ग नाहीं, आणि त्याच्या स्वतःच्या मनालाही नाहीं. लेखक जिवंत असतां हा गोंधळ निभावून जातो, कारण समोर नाहीं म्हणणारा माणूस बसलेला असतो. शब्द बदलतों, शेवट बदलणार नाहीं, असें तो बजावून सांगूं शकतो. तो गेल्यावर नाहीं म्हणण्याचें कामही मुखत्याराकडेच येतें.

लेखकाच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षें त्याच्या अशा अप्रकाशित लिखाणावर अमेरिकन कायद्याप्रमाणें वारसांचा हक्क चालतो; स्टाइनबेकच्या बाबतींत तो २०३८ च्या अखेरीस संपेल. त्यानंतर ती पौर्णिमेची रहस्यकथा कोणीही छापूं शकेल, त्यासाठीं कोणाची परवानगी घ्यावी लागणार नाहीं आणि कोणाला कसलाही हिस्सा द्यावा लागणार नाहीं. तोंवर ज्याला ती वाचावयाचीच असेल त्यानें ऑस्टिनला जावें. तेथें अभ्यासकाला तीं पानें पाहावयास मिळतात.